मिसिसिपीतलं बाळ: २७ महिने औषधाविना, आणि मग परतलेला विषाणू

प्रकरण कोणतं

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बाळाची ही नोंद आहे. त्याचं नाव कधीच जाहीर झालं नाही, इथेही आपण नुसतं 'बाळ' म्हणू. मार्च २०१३ मध्ये 'एचआयव्हीतून बरं झालेलं बाळ' म्हणून ते जगभर गाजलं. जुलै २०१४ मध्ये विषाणू परत आला आणि बातम्यांतलं स्वारस्य एका दिवसात संपलं. संशोधनाच्या दृष्टीनं मात्र खरं शिकण्यासारखं तिथूनच सुरू होतं. औषधाविना २७ महिने विषाणू गप्प का राहिला, आणि तो अजून आत आहे हे एकाही चाचणीला आधी का कळलं नाही, या दोन प्रश्नांवर 'एचआयव्ही बरा करणं' हे संशोधन आजही उभं आहे.

पार्श्वभूमी: औषधं बंद का करता येत नाहीत

एचआयव्ही हा सीडी४ पेशीत (रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशीत) शिरला की स्वतःची जनुकीय प्रत त्या पेशीच्या डीएनएत जोडून टाकतो. बहुतेक बाधित पेशी काही दिवसांत मरतात. काही थोड्या पेशी मात्र 'स्मृती पेशी' म्हणून निद्रिस्त होतात आणि त्यांच्यातला विषाणूही त्यांच्यासोबत झोपतो. एआरटीची (एचआयव्हीविरोधी उपचाराची) औषधं विषाणूला नव्या पेशींत शिरू देत नाहीत, पण झोपलेल्या प्रतीला ती हातही लावत नाहीत. या लपलेल्या साठ्याचा अर्धायुष्यकाळ (तो निम्मा व्हायला लागणारा वेळ) प्रौढांमध्ये सुमारे ४४ महिने निघाला. म्हणजे साठ्यात दहा लाख पेशी असतील, तर नुसत्या गोळ्यांवर तो संपायला ७० वर्षांहून जास्त काळ लागेल. औषध थांबवलं की एखादी पेशी जागी होते आणि बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसतो.

साठा मुळापासून उपटण्याची एक वाट तोवर दिसली होती. बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ आणि २००८ मध्ये मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं. दात्याच्या पेशींवर सीसीआर५ हा ग्राहक (पेशीत शिरण्याचा एक दरवाजा) नव्हता, आणि विषाणूला पेशीत शिरायला सहसा तोच लागतो. ब्राऊन बरे झाले, २०२० मध्ये कर्करोगानं वारेपर्यंत एचआयव्ही परतला नाही. पण ज्या प्रत्यारोपणात जिवाचा धोका इतका मोठा आहे, ते कर्करोग नसलेल्या माणसाला कुणी सुचवणार नाही.

दुसरी कल्पना साधी होती: साठा तयार व्हायच्या आतच औषध सुरू करायचं. प्रौढात लागण कोणत्या दिवशी झाली ते क्वचितच कळतं. आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गात वेळ बरीचशी माहीत असते. शिवाय नवजात बाळाच्या बहुतेक सीडी४ पेशी 'कोऱ्या' असतात, दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृती पेशी थोड्या, त्यामुळे विषाणूला लपायला जागाही कमी. ही कल्पना अर्भकांवर मुद्दाम तपासली जाण्याआधीच हे प्रकरण घडलं.

पहिला निर्णय: अहवालाची वाट न पाहता औषध

आईची गरोदरपणात एकही तपासणी झालेली नव्हती. कळा सुरू झाल्यावर रुग्णालयात आली तेव्हा जलद चाचणीत एचआयव्ही निघाला. प्रसूती ३५ व्या आठवड्यातच आणि इतक्या झपाट्यानं झाली की आईला प्रतिबंधक औषध देण्याइतकाही वेळ मिळाला नाही. आईचा व्हायरल लोड २,४२३ होता (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, प्रति मिलिलिटर प्रती, पुढचे आकडेही याच मापात). हा फार मोठा आकडा नाही, पण गर्भारपणभर औषध शून्य होतं.

बाळाला जॅक्सनच्या विद्यापीठ रुग्णालयात हलवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हॅना गे यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक, रूढ प्रतिबंध: त्या काळच्या रीतीप्रमाणे झिडोव्हुडिनचं सिरप सहा आठवडे, आणि जोखीम जास्त असेल तर कधी सोबत आणखी एखादं औषध. मग चाचणीचा अहवाल येईपर्यंत थांबायचं. दुसरा, बाळ बाधितच आहे असं गृहीत धरून पूर्ण उपचार सुरू करायचे. त्यांनी दुसरा रस्ता धरला. जन्मानंतर ३० व्या तासाला झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तीन औषधं उपचाराच्या पद्धतीनं सुरू झाली, अहवाल हातात नसताना.

औषध सुरू करताना रक्त घेतलं होतं, ही गोष्ट पुढे फार मोलाची ठरली. ३० व्या तासाच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए सापडला. ३१ व्या तासाच्या वेगळ्या नमुन्यात व्हायरल लोड १९,८१२ निघाला. जन्मानंतर इतक्या लवकर एवढा विषाणू सापडतो तेव्हा लागण पोटातच झालेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पुढचे आकडे असे: सातव्या दिवशी २,६१७, बाराव्या दिवशी ५१६, विसाव्या दिवशी २६५ आणि एकोणतिसाव्या दिवशी ४८ च्या खाली, म्हणजे त्या चाचणीला दिसणार नाही इतका.

बाळाला खरोखर लागण झालीच नव्हती, आईचंच रक्त नमुन्यात आलं असेल, असा आक्षेप पुढे बऱ्याच जणांनी घेतला. त्याचं उत्तर याच आकड्यांत आहे. बाळाचा आकडा आईच्या आठपट होता. मिसळलेल्या रक्तातून मूळ रक्तापेक्षा जास्त विषाणू येऊ शकत नाही. शिवाय वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या चार नमुन्यांत व्हायरल लोड सापडला आणि तो टप्प्याटप्प्यानं उतरला. उपचार घेणाऱ्या बाधित बाळात असाच उतार दिसतो.

सातव्या दिवशी नेव्हिरापिनच्या जागी लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर आलं. इथे आजच्या वाचकानं सावध व्हायला हवं. या सिरपमध्ये ४२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, सोबत प्रोपिलीन ग्लायकॉल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं यकृत-मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि हृदयाची लय बिघडल्याच्या, रक्तात आम्ल वाढल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. म्हणून मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं इशारा दिला: आईच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४२ आठवडे आणि जन्मापासून किमान १४ दिवस पूर्ण झाल्याशिवाय हे सिरप देऊ नये. मिसिसिपीचं बाळ या इशाऱ्याच्या आधीचं. त्याला अपाय झाला नाही हे त्याचं नशीब. आज त्या वयात नेव्हिरापिन चालू ठेवतात किंवा राल्टेग्राव्हिर देतात.

अडचण: पंधरा ते अठरा महिने

दीड वर्षापर्यंतच्या सगळ्या व्हायरल लोड चाचण्या 'आढळला नाही' अशा आल्या. पण पंधराव्या महिन्यानंतर भेटी चुकू लागल्या, आणि अठराव्या महिन्याच्या आसपास घरातून औषध पूर्ण थांबलं. बाळ काही महिने दवाखान्याच्या नजरेआड गेलं.

उपचारात असा खंड पडणं नवं नाही. दिवसातून दोनदा तीन औषधं, त्यातलं एक अतिशय कडू, आणि ती पाजायची अशा मुलाला, जे वरून ठणठणीत दिसतं. व्हायरल लोड दिसेनासा झाला की घरच्यांना उपचार संपल्यासारखे वाटतात. ज्या आईला स्वतःचं निदान कळा देताना कळलं, तिच्याकडून पुढच्या दीड वर्षाच्या सगळ्या वाऱ्या एकटीनं निभावण्याची अपेक्षा ठेवणं हा व्यवस्थेचा दोष. दोन भेटी चुकल्या त्याच आठवड्यात कुणीतरी घरी जायला हवं होतं.

औषधं कोणत्या क्रमानं बंद होतात यावरही बरंच अवलंबून असतं. नेव्हिरापिन रक्तात बराच काळ रेंगाळतं. तिन्ही औषधं एकदम थांबवली तर बाकीची दोन आधी उतरतात आणि काही दिवस नेव्हिरापिन एकटंच उरतं. अशा वेळी त्याला न जुमानणारा विषाणू सहज तयार होतो. या बाळाचं नेव्हिरापिन पहिल्याच आठवड्यात बदललेलं होतं, त्यामुळे हा धोका टळला. पुढे विषाणू परतला तेव्हा तो औषधांना दाद देत होता, त्यामागे हा बदल असण्याची बरीच शक्यता आहे.

तेविसावा महिना: समोरचे पर्याय

बाळ परत आलं तेव्हा ते २३ महिन्यांचं होतं. पाच महिने औषध नाही, म्हणजे व्हायरल लोड भरपूर वाढलेला असणार, असंच कुणीही धरलं असतं. अहवाल आला २० च्या खाली. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून चाचण्या पुन्हा केल्या. डीएनए चाचणीत काही नाही. प्रतिपिंडांची (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं त्या प्रथिनांची) चाचणीही नकारात्मक.

आता तीन पर्याय होते. पहिला, मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ताबडतोब औषध सुरू करणं. त्यामागे भक्कम पुरावा होता: औषध थांबवण्याची पद्धत तपासणाऱ्या स्मार्ट चाचणीत (२००६, ५,४७२ प्रौढ) खंड पाडणाऱ्या गटात आजार आणि मृत्यू दोन्ही वाढले होते, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चेर चाचणीत अर्भकांना लवकर औषध दिल्यानं मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले होते. दुसरा पर्याय, औषध न देता नेहमीच्या तीन-चार महिन्यांच्या अंतरानं बघत राहणं. तिसरा, औषध थांबवलेलंच ठेवून जवळजवळ पाळत ठेवावी तशी तपासणी करणं आणि रक्ताचे नमुने अतिसंवेदनशील चाचण्यांसाठी तज्ज्ञ प्रयोगशाळांत पाठवणं.

डॉ. गे यांनी तिसरा मार्ग घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डॉ. कॅथरीन लुझुरियागा आणि जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. डेबोरा पर्सॉड यांना त्यांनी सोबत घेतलं. आमच्या मते हा निर्णय त्या क्षणी योग्य होता, पण त्याचं कारण नीट मांडायला हवं. औषध कुणी प्रयोगासाठी थांबवलेलं नव्हतं. ते आधीच थांबलेलं होतं आणि पाच महिने उलटले तरी विषाणू दिसत नव्हता. मुद्दाम औषध बंद करायचा प्रश्न असता, तर त्या काळच्या पुराव्यावर 'नाही' हेच उत्तर बरोबर ठरलं असतं. या दोन प्रसंगांतला फरक पुसला गेला की 'औषध बंद करून बघू' अशी धोकादायक सवय तयार होते.

चाचण्यांना काय दिसलं आणि काय दिसणं शक्य नव्हतं

प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

२४ व्या महिन्यात एकेरी प्रत मोजणाऱ्या चाचणीत प्लाझ्मात प्रति मिलिलिटर एक प्रत दिसली. रक्तपेशींत विषाणूच्या डीएनएचे पुसट अंश काही नमुन्यांत सापडले, काहींत नाहीत. २ कोटी २० लाख निद्रिस्त सीडी४ पेशी वाढवून पाहिल्या, त्यांतून वाढू शकणारा विषाणू निघाला नाही. विषाणूविरुद्ध शरीराचा प्रतिसादही दिसला नाही. काही लोक जन्मजात विषाणूला रोखून धरतात, त्यांच्यात जी जनुकीय ठेवण सापडते तीही या बाळात नव्हती. म्हणजे श्रेय लवकर दिलेल्या औषधाचंच, असा निष्कर्ष निघाला.

पेशीत डीएनए सापडला म्हणजे जिवंत विषाणू सापडला असं होत नाही. जोडल्या गेलेल्या प्रतींपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रती तुटक्या असतात, त्यांतून विषाणू तयार होऊच शकत नाही. त्यामुळे डीएनए चाचणी साठा फुगवून दाखवते. पेशी वाढवून पाहण्याची चाचणी उलट त्याला कमी दाखवते, कारण एका वेळच्या उत्तेजनानं सगळ्या पेशी जाग्या होत नाहीत. खरा आकडा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो.

आता नमुन्याच्या आकाराचं गणित. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगातल्या सीडी४ पेशी सोयीसाठी १०,००० कोटी धरू. त्यांतल्या बहुसंख्य लसिकाग्रंथी, प्लीहा आणि आतड्यात असतात, रक्तात थोड्याच. तपासल्या २.२ कोटी, म्हणजे साडेचार हजारांत एक. समजा संपूर्ण शरीरात जिवंत विषाणूच्या ३०० पेशी उरल्या असतील. त्यांतली एक तरी आपल्या नमुन्यात येण्याची शक्यता शंभरात सहा-सात. म्हणजे ३०० पेशी असूनही शंभरातल्या ९३ वेळा अहवाल 'आढळला नाही' असाच येणार. आणि विषाणू परतायला ३०० लागत नाहीत, योग्य वेळी जागी झालेली एक पेशी पुरते. दहा किलोच्या मुलाच्या अंगातून किती रक्त काढायचं यालाही मर्यादा आहे, त्यामुळे मोठा नमुना घेऊन हे गणित फारसं सुधारत नाही.

धान्याच्या कोठारातून एक मूठ चाळून किडा दिसला नाही, म्हणून अख्खं कोठार निर्धोक ठरत नाही. चाचण्यांनी दिलेलं उत्तर तेवढ्याच वजनाचं होतं. साठा फार लहान आहे हे त्या खात्रीनं सांगत होत्या. तो शून्य आहे हे सांगण्याची ताकद त्यांच्यात नव्हती.

जाहीर करताना

मार्च २०१३ मध्ये अटलांटातल्या परिषदेत हे प्रकरण मांडलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये सविस्तर शोधनिबंध आला. परिषदेत 'कार्यात्मक बरं होणं' असा शब्दप्रयोग होता: विषाणूचे अंश असतील, पण औषधाविना तो वाढत नाही. बातम्यांत पहिला शब्द गळला आणि 'बरं होणं' तेवढं उरलं.

त्याच वर्षअखेरीस बॉस्टनहून इशारा मिळाला होता. एचआयव्ही आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग असलेल्या दोन पुरुषांना साध्या, म्हणजे सीसीआर५ असलेल्या दात्याकडून मूळपेशी दिल्या होत्या. अतिसंवेदनशील चाचण्यांत त्यांच्यातही विषाणू सापडत नव्हता. औषध थांबवल्यावर एकात १२ आठवड्यांनी, दुसऱ्यात ३२ आठवड्यांनी तो परतला. याचा अर्थ उघड होता. साठा जितका लहान, तितका परतीचा काळ लांबतो, आणि तो किती लांबेल हे बरंचसं योगायोगावर ठरतं. साठा सुमारे २,००० पटीनं घटला तर बहुतेकांना वर्षभर औषधाविना राहता येईल, आयुष्यभरासाठी घट साधारण १०,००० पट लागेल, असा अंदाज एका गणिती प्रारूपानं २०१४ मध्ये मांडला.

विषाणू परतला

बाळाची तपासणी साधारण दर सहा ते आठ आठवड्यांनी चालू होती. जुलै २०१४ मध्ये, ते जवळजवळ चार वर्षांचं असताना, नेहमीच्या भेटीत व्हायरल लोड १६,७५० निघाला. ७२ तासांनी पुन्हा तपासला तेव्हा १०,५६४. सीडी४ उतरले होते आणि प्रतिपिंडं दिसू लागली होती. विषाणूची जनुकीय रचना आईच्या विषाणूशी जुळली. म्हणजे नवी लागण झालेली नव्हती, जन्माच्या वेळचाच विषाणू इतके दिवस आत होता.

दुसऱ्या चाचणीसाठी तीन दिवस थांबणं योग्यच होतं. एका अहवालावर चार वर्षांच्या मुलाला जन्मभराच्या औषधावर टाकायचं नसतं, आणि तीन दिवसांत फारसं नुकसान होत नाही. खात्री पटताच औषध सुरू झालं, व्हायरल लोड उतरू लागला, औषधाचा त्रास झाला नाही.

परतण्याच्या आधीच्या भेटींत काही पूर्वसूचना होती का, हे साहजिकच सगळ्यांनी शोधलं. उपयोगी पडेल असं काही हाती लागलं नाही. विषाणू परतणार आहे हे आधी सांगणारी खूण आजही उपलब्ध नाही, आणि म्हणूनच औषध थांबवून पाहणाऱ्या प्रत्येक अभ्यासात वारंवार व्हायरल लोड तपासण्याला पर्याय नाही.

पुढे काय झालं

बाळाच्या अनुभवावरून 'पी१११५' हा आंतरराष्ट्रीय अभ्यास आखला जात होता. विषाणू परतल्यावर त्याचा आराखडा आणि पालकांची संमतीपत्रकं पुन्हा तपासली गेली. अभ्यास गुंडाळला नाही, हे बरं झालं. ११ देशांत बाळांना जन्मानंतर ४८ तासांच्या आत औषध सुरू झालं. औषध थांबवून पाहण्याच्या अटी कडक होत्या: किमान दोन वर्षं वय, व्हायरल लोड दीर्घकाळ सलग दबलेला, पेशींत डीएनए न सापडणं, प्रतिपिंडं नकारात्मक, सीडी४ उत्तम.

मार्च २०२४ मध्ये पहिले निकाल आले. सहा मुलांची औषधं साडेपाच वर्षांच्या आसपास थांबवली होती. दोघांत विषाणू तीन आणि आठ आठवड्यांत परतला. चौघं ४८ आठवड्यांहून पुढे किंवा तिथवर औषधाविना गेली. त्यांपैकी एकात ८० व्या आठवड्याला तो परतला, बाकीची तिघं निकाल मांडले तेव्हा ४८, ५२ आणि ६४ आठवड्यांवर होती. नेहमीचे दोन-चार आठवडे लक्षात घेतले की या आकड्यांचं मोल कळतं. मिसिसिपीत घडलं ते एकट्या बाळाचं नशीब नव्हतं, हे इथे सिद्ध झालं.

उलट उदाहरणंही आहेत आणि ती लपवण्यात अर्थ नाही. इटलीत जन्मानंतर १२ तासांत औषध मिळालेल्या मुलाचं औषध तीन वर्षांनी थांबवलं, विषाणू दोन आठवड्यांत परतला. दुसरीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या एका मुलाला वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून जेमतेम ४० आठवडे औषध मिळालं होतं. ते साडेनऊ वर्षांचं होईपर्यंत औषधाविना ठीक असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. लवकर औषध मिळणं गरजेचं, पण नुसत्या वेळेवर सगळं ठरत नाही.

म्हणून आता लवकरच्या औषधाला जोड देऊन पाहतात. बोट्स्वानातल्या तातेलो अभ्यासात लवकर उपचार मिळालेल्या २५ मुलांना गोळ्यांऐवजी दोन 'व्यापक' (विषाणूच्या अनेक प्रकारांवर चालणाऱ्या) प्रतिपिंडांची इंजेक्शनं दिली. ११ मुलांत, म्हणजे ४४ टक्क्यांत, २४ आठवडे विषाणू दबून राहिला. झोपलेला विषाणू जागा करून मारण्याच्या पद्धतीनं मात्र माणसांत अजून निराशाच केली आहे. जागा करणारी औषधं आहेत, पण जाग्या झालेल्या पेशी पुरेशा मरत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

गरोदरपणात एक चाचणी झाली असती तर हे प्रकरण बहुधा घडलंच नसतं. आई गर्भारपणभर एआरटीवर असेल आणि तिचा व्हायरल लोड दबलेला असेल, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली येतं.

तेविसाव्या महिन्यात औषध पुन्हा सुरू केलं असतं तर? मुलाचं नुकसान झालं नसतं, विज्ञानाचं झालं असतं. पण हे वाक्य फक्त मागे वळून पाहताना लिहिता येतं. त्या दिवशी फक्त मुलाचं हित मोजायचं होतं, आणि ते मोजूनही औषध न देणं समर्थनीय होतं, कारण तपासणीचं अंतर कमी केलं होतं. आम्ही एकच गोष्ट आग्रहानं वेगळी केली असती: कोणता आकडा आला की औषध सुरू करायचं, किती तासांत फेरतपासणी करायची आणि एक भेट चुकली तर कोण घरी जाणार, हे पहिल्याच दिवशी लिहून पालकाच्या हाती दिलं असतं.

आणि शब्द. 'बरं झालं' म्हणण्याऐवजी 'औषधाविना विषाणू दबलेला आहे, इतके महिने झाले' असं म्हटलं असतं, तर जुलै २०१४ चा अहवाल अपयश न वाटता २७ महिन्यांची नोंद वाटला असता. आजचे अभ्यास असंच बोलतात.

आपल्याकडच्या कामात याचा संबंध कुठे येतो

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बाधित आईच्या बाळाची पहिली डीबीएस (वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांची) तपासणी सहा आठवड्यांनी होते, पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीच्या वेळी. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कार्डावर घेऊन, उन्हात न ठेवता पूर्ण वाळवून प्रयोगशाळेत पाठवतात. ३० व्या तासाचा मिसिसिपीचा प्रयोग इथे नेहमीच्या कामाचा भाग नाही. पण अहवाल बाधित आला की उपचार त्याच आठवड्यात सुरू होणं आपल्या हातात आहे, आणि साठा लहान ठेवण्यात प्रत्येक आठवड्याचा वाटा असतो.

अठरा महिन्यांच्या प्रतिपिंड चाचणीवर खास लक्ष ठेवावं. आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर ओसरलेली असतात. ज्या बाधित बाळाला दोन-तीन महिन्यांपासून एआरटी मिळते, त्याच्या शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करण्याइतका विषाणू कधी भेटतच नाही. त्यामुळे चाचणी नकारात्मक येऊ शकते, अगदी मिसिसिपीच्या बाळासारखी. पालक आनंदतात, शेजारपाजारचे 'मग आता औषध कशाला' म्हणतात, कुणी बरं केल्याचा दावा करत पुढे येतो. अशा मुलाच्या कार्डावर पहिल्या डीबीएसचा आणि त्याची खात्री करणाऱ्या दुसऱ्या नमुन्याचा निकाल तारखेसह ठळक लिहिलेला असावा, आणि प्रतिपिंड चाचणी नकारात्मक आली तरी एआरटी चालूच ठेवायची, हे समुपदेशकानं ती चाचणी करण्याआधीच पालकांना सांगितलेलं असावं.